निळ्या कुंभातलं पाणी

सर्जेराव चौगुल्यांनी उभ्या आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळला नव्हता. उलट "ह्या डबड्यापायी पोरं हातची गेली" असं पारावर बसून म्हणणाऱ्यांत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. त्यामुळे बासष्टाव्या वर्षी रोज सकाळी दहा वाजता, कोल्हापुरातल्या एका पुनर्वसन केंद्रात, कानात चाप लावून पडद्यावरचे राक्षस मारत बसणं त्यांच्या नशिबी आलं, तेव्हा गावाने पोट धरून हसून घेतलं. सर्जेरावांनी हसू दिलं. अडला हरी गाढवाचे पाय धरतो, आणि इथे तर पाय लेकीचे होते. ते पुन्हा जमिनीवर टेकणार असतील, तर गाढवच काय, व्हिडिओ गेमचेही पाय धरायला ते तयार होते.

लेकीचं नाव ईश्वरी. सत्तावीस वर्षांची, जनावरांची डॉक्टर. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांवर दुचाकीवरून फिरायची, अडलेल्या म्हशी सोडवायची आणि मालकाने चहाला उशीर केला तर मालकालाही सोडायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिला एका नव्या विषाणूचा ताप आला. आठवड्यात गेला, पण जाताना तिचं उभं राहणं घेऊन गेला. आडवी असली की ती ठणठणीत. बसली की छाती धडधडायची. उभी राहिली की नाडी दीडशेच्या वर जायची आणि डोळ्यांपुढे अंधार येऊन ती कोसळायची. एकदा न्हाणीत पडून हनुवटी फुटली, तेव्हापासून शालनने, म्हणजे तिच्या आईने, तिला एकटं सोडणंच बंद केलं.

केंद्रातली तज्ज्ञ तबस्सुम मुजावर मूळची मिरजेची. पस्तिशीची, शांत बोलणारी. पहिल्या दिवशी तिने सर्जेरावांना आणि शालनला समोर बसवून सगळं समजावलं.

"काका, हृदयाला दोन लगाम असतात. एक पळवणारा, एक आवरणारा. आपण उभे राहिलो की रक्त पायांत उतरतं, डोक्याला कमी पडायला लागतं. मग पहिला लगाम हृदयाला पळवतो आणि दुसरा लगेच म्हणतो, बास, एवढं पुरे. हा दुसरा लगाम म्हणजे मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरणारी एक लांब नस. ईश्वरीच्या तापाने हीच नस मुकी केली. घोडा उधळतो आणि आवरणारं कुणी नाही."

"मग तिला करंट देऊन बोलती करा की," सर्जेराव म्हणाले. विहिरीवरच्या मोटारीला ते असंच करत.

"करून बघितलं लोकांनी. त्या नसेची एक फांदी कानाच्या खळग्यात येते, तिथून बारीक वीज देता येते. पण यंत्राचा ठोका एकसारखा पडतो. नस दोन दिवस ऐकते, मग दुर्लक्ष करते. बारा-पंधरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिवंत, शांत माणसाच्या या नसेतला ठेका टिपला आणि तो तसाच, त्याच क्षणी, दुसऱ्याच्या कानात सोडला, तर नस ऐकते. कारण माणसाचा ठेका प्रत्येक श्वासाला बदलतो. ऐकता ऐकता ती स्वतः बोलायला शिकते. पण नुसतं पडून राहून शिकत नाही. एकदा उधळायचं, मग आवरायचं, पुन्हा उधळायचं. म्हणून हा खेळ."

खेळ असा होता. पडद्यावर एक बाई, हातात कोयता, दोन्ही खांद्यांवर दोन कुंभ. लाल कुंभात आग, निळ्यात पाणी. बारा दरवाजांचा एक गड तिने चढायचा. वार करायचा तर लाल कुंभातली आग लागते. वार अडवायचा, जखम भरायची तर निळ्यातलं पाणी. आणि या दोघांचं वैर. आग भडकली की पाणी आटतं, पाणी जास्त झालं की आग विझते. लाल कुंभ उतू गेला तर बाई स्वतःच जळते. निळा भरून सांडला तर हात लुळे पडतात आणि राक्षस आरामात येऊन मारतो. दोन्ही कुंभ बटणांनी भरत नाहीत. ते खेळणाऱ्याच्या अंगातून भरतात. हृदयाचा पहिला लगाम ताणला की लाल चढतो, दुसरा ताणला की निळा. ईश्वरीला एका फळीवर पट्ट्यांनी बांधायचं आणि प्रत्येक दरवाजा उघडला की फळी सहा अंशांनी उभी करायची. बारावा दरवाजा उघडला की माणूस जवळजवळ सरळ उभा.

ईश्वरीचा निळा कुंभ कोरडा ठणठणीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ते पाणी दुसऱ्या कुणीतरी द्यायचं होतं; दोघांच्या कानांत चाप, मधे तार.

देणारा निवडायला घरच्या सगळ्यांची तपासणी झाली. शालनची रेघ पडद्यावर अशी उड्या मारू लागली, की तबस्सुमने तिला आधी पाणी दिलं आणि मग बाहेर बसवलं. सर्जेरावांची रेघ बघून मात्र ती खुर्चीत पुढे सरकली. तिने मुद्दाम एक फुगा त्यांच्या कानाशी फोडला. रेघ जराशी हलली आणि पुन्हा संथ झाली.

"काका, तुम्ही काय करता?"

"गुळव्या हाय मी."

गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत कढतो. खाली चुलवाणात जाळ, वर हजार-बाराशे लिटर रस. त्या काहिलीचा जो मालक, तो गुळव्या. जाळ वाढवा, जाळ ओढा, मळी काढा, आता उतरा, हे सगळं तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. रस फसफसून वर यायला लागला की गुळव्याने घाबरून चालत नाही. एरंडेलाचे चार थेंब टाकायचे, फेस बसतो. घाबरला तर आधण गेलंच, म्हणजे काहिलीतला सगळा रस वाया, शिवाय कुणीतरी भाजतो. सर्जेरावांनी चाळीस वर्षं हे केलं होतं. भीतीला बाजूला बसवून काम करायची त्यांची सवय हाडात मुरली होती.

पहिले दिवस गमतीचे गेले. सर्जेराव मागच्या खुर्चीत बसत, कानात चाप, नजर पडद्यावरच्या कुंभांवर. लेकीच्या तोंडाकडे ते बघतच नसत. बघितलं तर काळीज हलेल आणि ते हललेलं तारेतून तिच्या अंगात जाईल, हे त्यांना पहिल्याच तासात कळलं होतं. लाल कुंभ फेसाळला की ते नाकातून लांब श्वास सोडत, घशात बारीक हुंकार धरत, आणि निळा कुंभ भरून यायचा. पडद्यावरची बाई ढालीसारखं पाणी पुढे धरून राक्षसाला परतवायची आणि ईश्वरी "आरं तिच्या" म्हणत कोयता चालवायची.

तिसऱ्या दिवशी खेळ संपल्यावर ती आडवीच असताना म्हणाली, "अण्णा, तुमचं पाणी अंगात येतंय तवा काय हुतंय सांगू? संध्याकाळी गुऱ्हाळात काहील उतरल्यावर तुमी भिंतीला टेकून बसायचा न्हवं, आणि मी मांडीवर येऊन बसायचो? तसं वाटतंय." कोल्हापूरकडच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि डॉक्टर झाली म्हणून ईश्वरीने ते सोडलं नव्हतं. "इतकी वर्षं तुमच्या शेजारी काढली, पण तुमी आतून कसे असता ते आत्ता कळलं."

आपल्या आत काही बघण्यासारखं आहे असं सर्जेरावांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते आपले तबस्सुमला म्हणाले, "हे यंत्र कुणी शोधलं हो?" तिने दोन-तीन देशांतल्या माणसांची नावं सांगितली, ती त्यांना धड म्हणताही आली नाहीत. पण त्या दिवसापासून जेवायला बसले की पहिला घास उचलण्याआधी ते त्या न म्हणता येणाऱ्या नावांच्या माणसांना मनातल्या मनात हात जोडत. खंडेनवमीला घरातला कोयता, विळा, पान्हा पूजताना कानातल्या चापाची आठवण झाली, तर दुसऱ्या दिवशी ते हळद-कुंकू घेऊनच केंद्रात हजर. तबस्सुम हसली आणि म्हणाली, "चापाला नको काका, आत जाईल. वायरीला लावा." वायरीला हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल वाहिलं गेलं, आणि शालनने आणलेला गूळ-खोबऱ्याचा प्रसाद तबस्सुमने दोन्ही हातांनी घेतला.

बासष्टाव्या दिवशी त्यांनी नववा दरवाजा उघडला. फळी चोपन्न अंशांवर. केंद्रात टाळ्या पडल्या.

टाळ्या संपल्यावर तबस्सुमने सर्जेरावांना बाजूच्या खोलीत बोलावलं आणि एक आलेख दाखवला. निळ्या कुंभातलं पाणी कुठून आलं त्याचा हिशेब होता तो. जवळजवळ सगळी पट्टी एकाच रंगाची होती.

"हा रंग तुमचा, काका. आणि हा खाली दोऱ्याएवढा दिसतोय तो ईश्वरीचा. पहिल्या आठवड्यात होता तेवढाच आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे गड तुम्ही चढताय. तिचा लाल कुंभ जरा कुठे वर येतो न येतो तोच तुमचं पाणी पोचतं. तिच्या नसेला बोलायची वेळच येत नाही. चूक माझी आहे. हा आलेख मी महिन्यापूर्वीच बघायला हवा होता. दरवाजे उघडत होते, मी दरवाजेच मोजत बसले."

नव्वद दिवसांचा नियम तिने पुन्हा सांगितला. तेवढ्यात नस शिकली तर शिकली. त्यानंतर ती दुसऱ्याच्या ठेक्याला इतकी सरावते, की स्वतःचा शोधणं सोडून देते. मग एकच मार्ग उरतो. चाप कायमचा. दोघांनाही.

कायमचा चाप म्हणजे काय ते सर्जेरावांनी बघितलं होतं. जयसिंगपूरची एक सासू-सून दर महिन्याला तपासणीला यायची. सुनेचा ठेका सासूला. आता तारा लागत नव्हत्या, कानात मण्याएवढं यंत्र बसायचं. सुनेला राग आला की सासूला चक्कर यायची, त्यामुळे घरात सुनेला कुणी चकार शब्द बोलत नसे. सासू स्वतः तिच्या हातात चहा आणून देई. केंद्रातल्या सगळ्या बायकांना सुनेचा हेवा वाटायचा. शालनने तर "आमच्या वेळी कुठं हुतं हे" म्हणून उसासाही टाकला होता. पण एकदा बाकावर शेजारी बसलेली असताना ती सून सर्जेरावांना म्हणाली, "काका, माझे वडील गेले मार्चमध्ये. मला रडता नाही आलं. रडले असते तर सासूबाई पडल्या असत्या." हे ती इतक्या संथपणे म्हणाली की सर्जेरावांना घाम फुटला.

स्वतःचं त्यांना काही नव्हतं. मरेपर्यंत कानात मणी घालून बसायला ते एका पायावर तयार होते. पण ते बासष्टचे होते आणि ईश्वरी सत्तावीसची. आपल्यानंतर काय? ती जन्मभर कुणाच्या तरी शांतपणाची मिंधी राहणार, आणि ते 'कुणीतरी' मिळेल का, याचीही खात्री नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात आखडता घ्यायचं ठरवलं. ठरवणं सोपं. लाल कुंभ वर येऊ लागला की ते श्वास धरून बसत, हुंकार गिळत. पण पाणी द्यायचं नाही म्हटल्यावर नजर आपोआप लेकीकडे जाई, तिच्या कपाळावरचा घाम दिसे आणि मग जे तारेतून जाई ते पाणीही नसे, निव्वळ भीती असे. ईश्वरीची नाडी एका दमात एकशे सत्तरवर गेली आणि ती फळीवरच शुद्ध हरपून लोंबकळली. पुढच्या आठवड्यात हे तीनदा झालं. नवव्या दरवाज्यावरून ते सहाव्यावर घसरले. यंत्र एकच होतं. शांतपणा जसा न्यायचं तशीच भीतीही न्यायचं, आणि सर्जेरावांजवळ आता भीतीच जास्त होती.

ऐंशीव्या दिवशी केंद्राला सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली, शालन शेजारी हळदी-कुंकवाला गेली. ईश्वरी सोप्यातल्या कॉटवर आडवी होती, सर्जेराव उंबऱ्यात अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"अण्णा, तबस्सुम मॅडमनी मला आलेख दावला," ती म्हणाली. "तुमी मला खेळूच देईना झालाय."

"मी कशाला आडवू?"

"आडवत न्हाई. माझ्या आधी खेळताय." ती कुशीवर वळली. "एक सांगा. काहिलीखालचा जाळ कवा ओढायचा?"

सर्जेरावांना प्रश्न कुठे चाललाय ते कळलं. चाळीस वर्षांत शंभर जणांना दिलेलं उत्तर द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. ते सुपारी कातरत राहिले.

"सांगा की."

"गोळी व्हायच्या आधी," ते म्हणाले. "पाण्यात पाकाची चिमूट टाकून बघायची. गोळी जमतीया न जमतीया अशी झाली, की समदा जाळ एकदम भाईर. गोळी पक्की झाल्यावर ओढशील तर गूळ करपला."

"आणि मग फुडचं?"

"फुडचं काहील आपल्या धगीवर करती."

"मग?"

"मग काय मग?" सर्जेरावांचा आवाज चढला. तो असा चढलेला शालननेही फार वर्षांत ऐकला नव्हता. "काहील म्हंजे माणूस न्हवं, ईशे. करपलं आधण तर मी जनावरांच्या पुढं टाकून मोकळा. तुला कुठं टाकू?"

ती म्हणाली, "अण्णा, तुमी दिलं म्हणून मी नऊ दरवाजे बघितले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की मी बरा हुईन. हे मी जन्मात फेडू शकत न्हाई, आणि मला फेडायचं पण न्हाई. पण मला माझ्या म्हशींकडं जायचंय. गोठ्यात तुमी माझ्या मागं कान धरून उभं ऱ्हाणार का?"

सर्जेरावांनी अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. म्हणाले, "थोडं थोडं कमी करून जमत न्हाई मला. जाळ तसा ओढतच न्हाईत. एकदम ओढायचा."

"मग एकदम ओढा. कवा ओढणार ते मला सांगू नका. मी वाट बघत बसलो तर त्यातच भ्यायचो."

तबस्सुमला हे पटायला अर्धा दिवस लागला. पण नियमात तसं होतं: देणारा केव्हाही चाप काढू शकतो. तिने एकच अट घातली. नाडी एकशे साठच्या वर पाच सेकंद टिकली, तर सर्जेरावांनी चाप लगेच परत लावायचा. म्हणजे काढल्यावरही त्यांनी आतून शांतच राहायचं, कारण कोणत्याही क्षणी तो शांतपणा लागेल. ऊठसूट भ्यायची मुभा त्यांना नव्हती.

आता सर्जेरावांनी नवीन गोष्ट केली. पडद्याकडे बघणं सोडलं. गुळव्या काहिलीकडे बघतो ते लोकांना दिसतं, पण खरं तो ऐकतो. पातळ रसाचा आवाज वेगळा, दाट होत आलेल्याचा वेगळा. ते डोळे मिटून लेकीचा श्वास ऐकू लागले. पहिल्या दिवशी चाप काढला आणि चाळीस सेकंदांत परत लावावा लागला. दुसऱ्या दिवशी दीड मिनिट. चौथ्या दिवशी ती पट्ट्यांतच शुद्ध हरपून पडली, वाईट पडली, आणि तबस्सुमने विचारलं, "काका, थांबायचं का?" ते नको म्हणाले. त्या पडण्याच्या आधी त्यांनी काहीतरी ऐकलं होतं. ईश्वरीने एक श्वास लांब सोडला होता, त्यांच्यासारखा नाही, तिच्या स्वतःच्या तऱ्हेने, मधे तुटक. आलेखावर दोऱ्याएवढा रंग सुतळीएवढा झाला होता. पुढच्या दिवसांत दोघं पुन्हा नवव्या दरवाज्याशी पोचले.

नव्वदावा दिवस उजाडला. ठरलेलं होतं ते असं: बारावा दरवाजा उघडायचा आणि त्यानंतर फळी पूर्ण चढलेली असताना, देणाऱ्याशिवाय दहा मिनिटं उभं राहायचं. राहिली तर चाप गेला. पडली तर दोघांच्या कानांत मणी. शालनला आत यायची परवानगी नव्हती. ती बाहेर बाकावर त्या जयसिंगपूरच्या सुनेचा हात धरून बसली होती.

बाराव्या दरवाज्यावर एक गवा होता. दगडाच्या कातडीचा. त्याला मारायचं तर लाल कुंभ काठोकाठ भरेपर्यंत थांबायचं, सगळी आग एका वारात ओतायची आणि तो उलटा धावून येईपर्यंतच्या तीन श्वासांत निळा भरायचा. असं सात वेळा. लगाम ताण, सोड, ताण, सोड. मधे चुकलं की पहिल्यापासून.

सगळ्यांची कल्पना अशी, की सर्जेराव पाच-सहा वार होईपर्यंत पाणी देतील आणि शेवटी चाप काढतील. तबस्सुमचीही तीच. ते मात्र डोळे मिटून बसले होते. दहावा दरवाजा गेला. अकरावा उघडला, फळी कुरकुरत वर सरकली. ईश्वरीच्या श्वासाचा आवाज अजून पातळच होता. जमतोय न जमतोय असा. गव्याने अजून तोंडही दाखवलं नव्हतं. सर्जेरावांनी कानातला चाप काढला आणि मुठीत धरला.

तबस्सुमने वळून बघितलं. तिचा चेहरा उतरला. पण तिने खेळ थांबवला नाही.

पहिला वार बसला. गवा उलटला. निळा कुंभ कोरडा होता आणि बाई जळू लागली. नाडी एकशे अठ्ठेचाळीस. एकशे चोपन्न. ईश्वरीला कळलं. "अण्णा," ती एवढंच म्हणाली. सर्जेराव जागचे हलले नाहीत. एकशे एकसष्ट. तबस्सुम मोठ्याने मोजू लागली, "एक. दोन." सर्जेरावांचा हात चापासकट कानाकडे अर्ध्यावर गेला होता. आत काहीतरी उसळी मारत होतं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ते त्याला बसवून ठेवत होते. "तीन." त्याच वेळी त्यांना तो तुटक, लांब श्वास ऐकू आला. मग दुसरा. तबस्सुमचं मोजणं थांबलं. एकशे अठ्ठावन्न. एकशे पन्नास. निळ्या कुंभाच्या तळाशी पाणी दिसत होतं. फार नव्हतं, ओंजळभर असेल. पण त्यात सर्जेरावांचा एक थेंब नव्हता.

त्या ओंजळभर पाण्यावर ईश्वरीने गव्याला अडवलं. चौथ्या वाराला चुकली, सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि तिने त्या गव्याच्या आईबापाचा असा उद्धार केला की तबस्सुम एवढ्या धामधुमीतही हसली. दुसऱ्या खेपेला सातही वार बसले. बारावा दरवाजा उघडला. फळी बहात्तर अंशांवर जाऊन थांबली, पट्ट्या सोडल्या गेल्या आणि ईश्वरी सर्जेराव चौगुले स्वतःच्या दोन पायांवर उभी राहिली.

तबस्सुमने घड्याळ लावलं. नाडी एकशे वीसच्या आसपास वरखाली होत राहिली. तिचे पाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते, पण डोळे उघडे होते. आठव्या मिनिटाला ती म्हणाली, "तहान लागलीया." नवव्या मिनिटाला, "मॅडम, तुमचं घड्याळ बंद पडलंय काय?"

घड्याळ चालू होतं. दहा मिनिटं भरली.

तबस्सुम सर्जेरावांजवळ आली. त्यांची मूठ तिला बोट बोट करून उघडावी लागली. चापाचा वळ तळहातावर उमटला होता. तिने चाप डबीत ठेवला, झाकण लावलं.

"काका, झालं. हे आता लागणार नाही."

"खरंच न्हाई लागणार?"

"कधीच नाही."

"पोरी, तुजं लई उपकार हाईत," सर्जेराव म्हणाले. "त्या शोधणाऱ्यांचं हाईत. ह्या कानाचं हाईत." बोलता बोलता त्यांनी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. न्हाणीत रक्ताच्या थारोळ्यात पडलेली लेक, फळीवर लोंबकळणारी लेक, एकशे एकसष्टवरची लेक, सगळ्या एकदम समोर आल्या. दोन वर्षं जिला बाजूला बसवून ठेवलं होतं ती भीती उठून अंगावर आली आणि बासष्ट वर्षांचा तो गुळव्या खुर्चीचा हात धरून हमसून हमसून रडू लागला. उठायला गेला तर पायांत बळ नव्हतं.

ईश्वरी फळीवरून खाली उतरली. तबस्सुम हात द्यायला पुढे झाली, पण तो तिने घेतला नाही. चार पावलं होती. ती सावकाश, एकेक मोजत चालली, बापाच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्या काखेत घालून तिने त्याला आपल्या अंगाशी उभं केलं.

"भ्या आता, अण्णा," ती म्हणाली. "पोटभर भ्या. मी धरतो तुमाला."